हा म्हसोबा नव्हे

सुपडू मास्तर गेल्याची बातमी मला शाळेत कळली. सातवीचा तास चालू होता. शिपाई दारात आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सर, सुपडू मास्तर गेले... सकाळीच." मी त्याला हातानं थांबायची खूण केली आणि फळ्यावरचं अर्धं वाक्य पूर्ण केलं. का केलं, ते मला अजून कळलेलं नाही. मग पोरांना धडा वाचत बसायला सांगून हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. शिक्षक गेला तर अर्धा दिवस शाळा सोडायची आमच्याकडे रीत आहे. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "पण ते आता आपल्या हजेरीपटावर कुठे आहेत?" बारा वर्षं ज्यानं या शाळेत खडू झिजवला, त्याच्यासाठी घंटा वाजली नाही. मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या जागी 'घरगुती' असं लिहिलं.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. बुऱ्हाणपुरात त्याच्यावर दोन शब्द लिहील असं कोणी नाही, आणि लिहिलं तरी मराठीत छापणारं इथं कोणी नाही. म्हणून हा मजकूर मी हद्दीपलीकडच्या या पुरवणीकडे पाठवतो आहे. चार वर्षांपूर्वी अशी हद्द नव्हती. असो.

सुपडू हे काही त्याचं शाळेतलं नाव नव्हतं. रजिस्टरात तो श्रीधर. पण आधीची दोन मुलं दगावली म्हणून आईनं त्याला जन्मतःच सुपात घातलं, आणि आमच्याकडे अशा पोराला जे नाव पडतं तेच त्याला पडलं. आम्ही एका गल्लीतले, एकाच वर्गातले. त्याच्या वडिलांचे डोळे मोतीबिंदूनं गेलेले. संध्याकाळी ते ओट्यावर बसत आणि सुपडू शेजारी बसून रस्ता सांगत असे. कोणाची गाडी आली, गाडीत केळीचे घड किती, बैल कोणता लंगडतो, कोणाच्या लेकीनं नवं लुगडं नेसलंय. एकदा त्यानं गंमत म्हणून रस्त्यावरून हत्ती काढला. म्हाताऱ्यानं हत्तीच्या पावलांचा आवाज ऐकायला कान टवकारले, आवाज आला नाही, तेव्हा म्हणाला, "सुपड्या, जे दिसते ते सांग. तुह्यं घालू नको. मी तुह्या डोळ्यानं पाहू राह्यलो, माह्यं आंधळेपन दुप्पट करू नको." सुपडू त्या दिवशी खूप रडला. पुढं त्यानं पोरांना इतिहास शिकवला तोही असाच. पुस्तकात नाही ते पदरचं घालून तास रंगवायची आम्हा मास्तरांची खोड त्याला नव्हती. त्यामुळे त्याचे तास काही पोरांना नीरस वाटत, आणि मी त्याला तसं म्हणतही असे. माझे तास रंगत.

इंग्रजी तो चांदनीला शिकला. पहिली नेमणूक त्या गावी होती आणि संध्याकाळी करायला काही नव्हतं. तिथल्या स्टेशनमास्तरांकडे जाऊन तो रेल्वेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक वाचायचा. सिग्नल, रूळ आणि अपघात यांच्या इंग्रजीवर त्यानं आपलं सगळं इंग्रजी उभं केलं. मी चिडवायचो, "तुला कोणी प्रेमपत्र लिहायला सांगितलं तर त्यातही लाल बत्ती दाखवशील." तो हसायचा. पण साहेबाचं बोलणं त्याला जसंच्या तसं कळायचं. सबंध शाळेत तसं कळणारा तो एकटाच होता. हेडमास्तरांनाही कळत नसे. हे हेडमास्तरांना माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हेही माहीत होतं.

मग नवं राज्य झालं. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. कचेऱ्या हिंदीत बोलू लागल्या. चार मुलखांतले नोकर एका यादीत बसवायचं काम निघालं, त्याला एकत्रीकरण म्हणत. वरच्या यादीची झळ आमच्या खासगी शाळेपर्यंत आली: मराठी माध्यमाचे वर्ग कमी होणार, त्यांच्या दोन जागांपैकी एक राहणार. दुसरी जागा गेली म्हणजे त्या माणसाची नोकरीच गेली. त्या दोन जागांवर आम्ही दोघं होतो. सुपडू माझ्याहून एका वर्षानं जुना, म्हणजे न्यायानं जागा त्याची. त्यानं एकदा स्वतःहून सांगितलं, "भो, काही निघन मार्ग. दोघं अर्ज करू, अर्धे अर्धे तास घेऊ." मी हो म्हणालो. मनात म्हणालो, अर्ध्या भाकरीवर तुझं भागेल, माझ्या घरात सहा तोंडं आहेत.

त्याच हिवाळ्यात तंबूवाली टॉकीज आली. बाजाराच्या मैदानात तंबू, समोर जमिनीवर बसणारी माणसं, मागं बाकं, त्यामागं दोन रांगा खुर्च्या, आणि एका बाजूला कनातीआड बायका. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की बत्ती लागायची, दुसरं रीळ चढेपर्यंत शेंगदाणे खायचे. हिंदी पिक्चरला काही अडचण नव्हती. पण टॉकीजच्या मालक शेठजींना कुठून तरी एक इंग्रजी पिक्चर स्वस्तात मिळाला होता, भुताखेताचा. ते सुपडूकडे आले. "मास्टरजी, अंग्रेजी में है. पब्लिक को समझाना पड़ेगा. डर नहीं समझेगी तो डरेगी कैसे?" सुपडूला हे फार आवडलं. पडद्याच्या डाव्या हाताला पत्र्याचा भोंगा घेऊन उभं राहायचं आणि जे दिसतं, जे बोलतात, ते आधी मराठीत मग हिंदीत सांगायचं. मी म्हणालो, शाळेतल्या माणसानं असं करावं का? तो म्हणाला, "कायले नही? दिवसा चाळीस पोराईले सांगतो, सांजले चारशे लोकाईले सांगीन." मला खुर्चीवर बसायचा फुकट पास त्यानंच आणून दिला. बाजाराचा दिवस होता, दिवेलागणीचा पहिला खेळ. धूलकोट, देडतलाईकडची माणसं गाड्या सोडून, घोंगड्या घेऊन पुढं बसली होती. मी दुसऱ्या रांगेत होतो.

पिक्चर विलायतेतल्या एका खेड्याचा होता. एक तरुण डॉक्टर तिथं नवीन येतो. गावातले लोक त्याच्याशी गोड बोलतात, जेवायला बोलावतात. पण छप्पर उडालेल्या एका जुन्या चर्चमध्ये हेच लोक काळे झगे घालून, तोंडं झाकून जमतात आणि सैतानाची पूजा करतात. एका अनाथ मुलीचा ते सैतानाला बळी देणार असतात. सुपडूनं मुलीचं नाव लोकांच्या सोयीसाठी 'मैना' करून टाकलं आणि तसं आधीच सांगितलं, "नाव माह्यं हाय, बाकी सगळं त्याईचं." मग एका प्रसंगात ते झगेवाले एकेक करून तोंडावरचं कापड काढतात. सुपडू एकेकाची ओळख करून देत होता: "हे पोस्टमास्तर... हे जजसाहेब... ह्या शाळेच्या मोठ्या बाई... हे सावकार." भुताची भीती वाटावी तशी माणसांची भीती वाटत होती.

आणि मग धुरातून तो आला. माणसाचं धड, मोठी वळलेली शिंगं, काळं तोंड, दगडावर बसलेला, समोर दिवे. पुढं जमिनीवर एक म्हातारी होती, ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "अवं माय, हा तं म्हसोबा व्हय!" झालं. पुढच्या माणसांनी पागोटी काढली, हात जोडले. कोणी बाजारातून घरी न्यायला घेतलेला नारळ तंबूच्या खांबावर फोडला. कनातीआड एका बाईच्या अंगात आलं, ती घुमू लागली. बांधावरचा आपला देव, रेड्याच्या शिंगांचा, आपलं शेत राखणारा, तो साहेबाच्या देशातही आहे आणि तिकडचे जज आणि पोस्टमास्तर त्याच्यापुढं वाकतात, याचा त्या माणसांना केवढा आनंद झाला होता! खुर्च्यांवरची आम्ही शहाणी मंडळी हसू लागलो. मीही हसलो. पण मागची माणसं उठून पुढं लोटू लागली, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या हलायला लागल्या, आणि तंबूला दार एकच होतं.

सुपडूनं यंत्र थांबवायला सांगितलं. भोंगा बाजूला ठेवून तो त्या माणसांत उतरला आणि म्हातारीचा हात धरला. तो काय बोलला ते मी अक्षर न् अक्षर ऐकलं. तो म्हणाला, "माय, खाली बस. हा म्हसोबा नव्हे. म्हसोबा आपल्या बांधावर राखन करते, लेकराईले सांभाळते. हा दुसऱ्या मुलखातला सैतान व्हय, हा लेकरू मागते. आपला देव येगळा. याले हात जोडू नका." म्हातारीनं पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खरं सांगू राह्यला का, मास्तर?" तो म्हणाला, "खरं सांगतो." ती बसली. ती बसली म्हणून सगळे बसले. बाईचं घुमणं थांबलं. शेठजींनी बत्ती घालवली आणि पिक्चर पुढं चालू झाला. जाताना त्याच माणसांनी सुपडूच्या पाया पडून घेतलं. चेंगराचेंगरी झाली असती तर किती गेले असते, याचा विचारही त्या रात्री कोणाच्या मनात आला नाही.

चौथ्या दिवशी शाळेत तक्रार आली. मराठी शाळेचा मास्तर भर तंबूत म्हसोबाला सैतान म्हणाला, असा तिचा सारांश. तक्रार धूलकोटच्या म्हातारीची नव्हती, गाडीवाल्यांची नव्हती. ती होती शहरातल्या चार प्रतिष्ठित माणसांची, ज्यांच्यापैकी एकही तंबूत आला नव्हता, आणि ज्यांच्या घरात म्हसोबाला कधी कोणी चिमूटभर शेंदूर वाहिला नव्हता. उलटं झालेलं बोलणं त्यांनी कोणाकडून ऐकलं होतं की स्वतःच उलटं केलं होतं, देव जाणे. दोन मास्तरांतून एक कमी करायचा होता. कमी करायला कारण मिळालं. सैतानाची पूजा करायला काळा झगा लागत नाही, धुतलेलं धोतर आणि कमिटीची बैठक एवढ्यावर काम भागतं. हे वाक्य मी आज लिहितो आहे. त्या दिवशी मी त्या बैठकीत बसलो होतो.

बसलो होतो, कारण माझं अक्षर चांगलं म्हणून बैठकीची टिपणं मीच लिहीत असे. टेबलाच्या एका टोकाला मी, समोर कमिटीचे सेक्रेटरी आणि हेडमास्तर, आणि भिंतीशी उभा सुपडू. त्याला खुर्ची दिली नव्हती. त्यानं घडलं ते सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, अगदी वडिलांना रस्ता सांगावा तसं. सेक्रेटरी म्हणाले, "हे तुम्ही म्हणता. दुसरं कोण म्हणतं?" तो म्हणाला, "चारशे माणसं होती." सेक्रेटरी म्हणाले, "गाडीवाल्यांची साक्ष काय घ्यायची? शाळेतलं कोणी होतं का? भरवशाचं माणूस?"

सुपडूनं माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. दौतीत टाक बुडवला, शाई जास्त झाली, ती दौतीच्या काठाला पुसली. हे सगळं करायला वेळ लागतो... मी तो सगळा वेळ घेतला. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. जागा एकच होती आणि तोंड उघडलं तर ती माझी नव्हती. एवढ्या वेळानंतर सुपडू म्हणाला, "नाही साहेब. शाळेतलं कोणी नव्हतं." त्या हत्तीनंतर पहिल्यांदा त्यानं जे दिसत होतं ते सांगितलं नाही. आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'साक्षीदार नाही.'

त्याला काढलं. जागा मला मिळाली. शेठजींनीही घाबरून त्याला पुन्हा बोलावलं नाही. पुढच्या इंग्रजी पिक्चरला लोक आपापल्या समजुतीनं हसले आणि घाबरले. सुपडू तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली अर्ज लिहायला बसू लागला. माणसं मराठीत गाऱ्हाणं सांगत आणि तो ते सरकारी हिंदीत उतरवून, पुन्हा मराठीत वाचून दाखवून, मगच अंगठा घेई. धूलकोटची माणसं दुसऱ्या कोणाकडे जात नसत. ज्यांच्या देवाचा त्यानं अपमान केला असा त्याच्यावर आरोप होता, तेच त्याचे अन्नदाते झाले. यावर त्यानं कधी टोमणा मारला नाही. मीच मनातल्या मनात मारत असे, आणि तो मलाच लागत असे.

आणि रोज संध्याकाळी, सहाच्या सुमारास, तो माझ्या घरी यायचा. आधीही यायचा, पण रोज नाही. आता मात्र एक दिवस चुकवला नाही. चहा घ्यायचा, माझ्या पोरांचं इंग्रजी बघायचा, कापसाचा आणि पाण्यापावसाचा विषय काढायचा. मध्येच बोलणं थांबायचं आणि तो नुसता बसून राहायचा... मग उठून "येतो भो" म्हणून निघायचा. अडीच वर्षं त्यानं त्या बैठकीचा शब्द काढला नाही. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस, विसरला. पुढं पुढं मला त्याच्या मोठेपणाचा रागही यायला लागला. त्यानं एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "मग तुम्ही काढा ना विषय." मी म्हणालो, त्याला त्रास होईल.

कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. तापीवर घाटाला शाळेचं कोणी नव्हतं. कमिटीचं कोणी असायचा प्रश्नच नव्हता. पण धूलकोटच्या तीन बैलगाड्या आल्या होत्या. एक माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, आमच्या बुढीनं सांगतलं व्हतं, त्याईले पोचवून या. त्या दिशी त्याईनं हात धरून बसवलं नसतं तं आमी सगळे तुडवलो असतो." मी मान हलवली. आज ना उद्या कोणी हे बोलणार, याची मला अडीच वर्षं धास्ती होती. बोललं गेलं तेव्हा ऐकायला मी सोडून कोणी नव्हतं.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर मी सुपडूच्या घरी वहिनींसमोर बसलो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "वहिनी," मी म्हणालो, "त्या संध्याकाळी मी तंबूत होतो. सगळं ऐकलं होतं." त्या ताटं एकात एक घालत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "माहीत हाय भाऊजी. पास त्याईनंच नाही का आनून देला तुमाले." मी विचारलं, मग तुम्ही दोघांनी मला कधी काही का विचारलं नाही? त्यांनी ताटं भिंतीशी ठेवली. "मी म्हनलं त्याईले, की जा, विचारा त्याले तोंडावर. तं म्हने, विचारून बोलला तं काय उपेग, आपल्या मनानं बोलला पाह्यजे. बोलन तो. म्हनून रोज यायचे तुमच्याकडं. घरी आले का मी पहिलं तेच पुसायची, बोलला का? तं म्हनत, आज नही."

वहिनी म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी तुम्ही भेटून गेले ना दवाखान्यात. तेव्हाबी पुसलं मी."

मी तासभर होतो त्या दिवशी दवाखान्यात. डॉक्टरांबद्दल बोललो, उसाच्या रसाबद्दल बोललो. आता रोज सहा वाजता पोरं पुस्तकं उघडून बसतात आणि दाराकडे बघत नाहीत. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी हा पेपर घेतात, हेडमास्तरही घेतात. तेव्हा त्यांच्यासाठी आणि ज्यांनी ते टिपण कधी वाचलं असेल त्या सगळ्यांसाठी लिहितो. त्या संध्याकाळी तंबूत शाळेतला एक माणूस होता. खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरा. त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं, सुपडू मास्तर म्हणाले होते, "हा म्हसोबा नव्हे." तो माणूस मी.